पावडर कोटिंग केलेल्या जुन्या सायकलीवर डेकल: चांदीसारखे डाग, सुरकुत्या आणि उरलेला संच

प्रश्न थोडक्यात असा. परभणीकडच्या एका वाचकांनी घरातली जुनी काळी २४ इंची सायकल पुन्हा उभी करायला घेतली आहे. फ्रेम आणि चिमटा (पुढच्या चाकाचा फोर्क) संभाजीनगरला देऊन काळं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग, करून आणलं. पाण्यात भिजवून लावायचे सोनेरी डेकल, म्हणजे पातळ पडद्यावरची नावं आणि चिन्हं, छापून घेतले. लावले तेव्हा झकास दिसले. वाळल्यावर मात्र अक्षरांभोवती चांदीसारखा पांढरट पट्टा उमटला. वरून स्प्रे कॅनमधला लॅकर (पारदर्शक रंग) मारला, तर खालच्या पाइपवरचं नाव सुरकुतलं. डेकलचा एक संच अजून शिल्लक आहे. तो लावण्याआधी काय करावं?

आधी तो संच पिशवीत घालून, सपाट वहीत दाबून बाजूला ठेवा. डेकल चिकटवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, एका पाइपला दहा मिनिटं लागतात. घोटाळा होतो तो त्याच्या खालच्या थरात नाहीतर वरच्या थरात. तुमच्याकडे दोन्हीकडे झालाय, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

चांदीसारखा पट्टा म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा. डेकलचा पारदर्शक पडदा खरखरीत पृष्ठभागावर नुसता उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, मधल्या खाचांत हवा राहते, आणि प्रकाश त्या हवेवरून परत फिरतो. पांढऱ्या रंगावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, काळा रंग मात्र काहीच लपवत नाही. म्हणून पावडर कोटिंग ग्लॉस (पूर्ण चकचकीत) आहे की सेमी-ग्लॉस (अर्धवट चमकीचं), हे आधी बघा. फ्रेम ट्यूबलाइटखाली धरा. पाइपवर ट्यूबची रेघ धारदार दिसली तर ग्लॉस. रेघ धुरकट, पसरलेली दिसली तर तिथे डेकल थेट लावायचं नाही. आणि ‘चांगलं धरावं’ म्हणून डेकलच्या जागी ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला असेल, तर बिघाड तिथेच झाला. पेपर रंगाला धरायला लागतो, डेकलला काचेसारखी जागा लागते.

दुसरा संशय पाण्यावर. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. एक थेंब काचेवर वाळू द्या, पांढरं कडं राहिलं की समजा तेच कडं डेकलखालीही राहणार. डेकल भिजवायला, फ्रेम ओली करायला आणि शेवटी पुसायलासुद्धा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. एका सायकलीला एक लिटर पुष्कळ झालं.

सुरकुत्यांचं कारण वेगळं. स्प्रे कॅनमधल्या लॅकरमध्ये तेज थिनर असतो. पहिलाच हात ओला, जाड बसला की तो थिनर उडून जाण्याआधी डेकलच्या पडद्यात आणि शाईत शिरतो, पडदा फुगतो आणि आकसताना गोळा होतो. डेकल लावून चार-पाच तासांतच लॅकर मारला असेल, तर खालचं पाणीही अडकलं असणार. अशा फ्रेमवर उन्हात उभी केल्याच्या पहिल्या दुपारी बारीक फोड येतात.

बिघडलेलं काढताना धीर धरा. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर फडक्यावर घ्या, फ्रेमवर ओतू नका. एका वेळी तळहाताएवढी जागा, दोन-तीन फेऱ्या, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. पावडर कोटिंग थोडा वेळ थिनर सोसतं, पण थिनरचा बोळा पाच मिनिटं ठेवला तर तेही मऊ पडतं आणि चमक कायमची जाते. आधी बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या नळीच्या) खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या जागी करून बघा. लॅकर न लागलेलं डेकल काढायला थिनर नको. कोमट पाण्याचं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि अंगठ्याने सरकवा. पडदा चिवट निघाला तर मास्किंग टेपने ओढून येतो.

आता खालचा थर. कोटिंग खरोखर ग्लॉस असेल आणि पेपरचे ओरखडे नसतील, तर डेकल थेट लावता येतं. सेमी-ग्लॉस असेल किंवा ओरखडे पडले असतील, तर क्रम असा: ८०० ते १००० चा वॉटर पेपर पाणी घेऊन हलक्या हाताने, साबणाने धुणं, वाळवणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि मग टू-के क्लिअरचा (हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक रंगाचा) एक चांगला ओला हात. हे क्लिअर रात्रभर, साधारण १६ ते २४ तास वाळलं की तुम्हाला हवी ती काच तयार. डेकल या काचेवर लावायचं. पावडर कोटिंगवर पेपर न मारता क्लिअर मारलं, तर ते धरत नाही आणि वर्षभरात लगच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या सांध्याच्या, कडेपासून पापुद्र्यासारखं सुटतं. ही चूक नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडूनही होते, कारण त्यांचा हात गाडीच्या पत्र्याला सरावलेला असतो, पावडरला नाही.

सगळी फ्रेम क्लिअर करायची नसेल तर एका लगपासून दुसऱ्या लगपर्यंत पूर्ण पाइप घ्या. क्लिअरची कड लगच्या काठावर आणून थांबवली की ती दिसत नाही. पाइपच्या मध्येच थांबवलीत तर कितीही पॉलिश करा, तिरप्या उन्हात रेघ दिसतेच.

फ्रेमला हात लावण्यापूर्वी मात्र पूर्ण साखळीची चाचणी घ्या: खालचा थर, डेकल, वरचे सगळे हात. त्याला उत्तम जागा म्हणजे चेनकव्हरची आतली बाजू. तेही त्याच भट्टीतून आलेलं असेल तर पावडर तीच, आणि बसवल्यावर ती बाजू कुणाला दिसत नाही. संचाच्या कडेला छापखान्याचं एखादं जादा चिन्ह किंवा रिकामा पडदा असतो, तो कापून तिथे लावा आणि वरून क्लिअर मारा. दोन दिवसांनी नखाने कड उचलून बघा. तिथे सुरकुती आली तर नुकसान काहीच नाही. ज्यांची फ्रेम अजून कोटिंगला जायची आहे, त्यांनी सोबत भंगारातल्या पाइपचा वीतभर तुकडा पाठवावा.

आता मापं. अशा जुन्या काळ्या सायकलींचे (रोडस्टरचे) पाइप सहसा २५.४ किंवा २८.६ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे घेर अनुक्रमे ८० आणि ९० मिलिमीटरच्या आसपास. तरी स्वतः मोजा: कागदाची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे टोचणीने दोन्ही थरांना भोक पाडा, पट्टी उघडा. दोन भोकांमधलं अंतर म्हणजे घेर. आता पट्टी त्या भोकांवर दुमडून चार समान घड्या घाला. पहिली घडी पाइपच्या बरोबर वरच्या रेषेवर ठेवली की पुढची घडी बरोबर कुशीला येते. २८.६ च्या पाइपवर हे अंतर साडेबावीस मिलिमीटर भरतं, २५.४ वर वीस. पाइपच्या दोन्ही टोकांना अशी खूण करा आणि दोन खुणांमध्ये ६ मिलिमीटरची बारीक मास्किंग टेप ताणून लावा. डेकलची खालची कड या टेपला समांतर ठेवायची. डोळ्याने सरळ लावलेलं नाव गोल पाइपवर हमखास थोडं चढतं किंवा उतरतं, आणि सायकल स्टँडवर लावल्यावरच ते कळतं.

आणखी एक गोष्ट घाईत चुकते. खालच्या पाइपवरची नावं दोन बाजूंना उलट दिशेने वाचली जातात. चेनच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, पहिलं अक्षर बॉटम ब्रॅकेटकडे येतं. डावीकडे पहिलं अक्षर हँडलकडे. दोन्ही बाजू पहिलं अक्षर हँडलकडे धरून लावल्या, तर उजवीकडचं नाव डोक्यावर उभं राहिलेलं दिसतं.

कापताना शाईपासून अर्धा ते एक मिलिमीटर कड ठेवा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा पहिल्यांदा उचलतो. इंकजेटवर छापलेलं डेकल असेल तर कापण्याआधी त्यावर ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन अगदी हलके हात हवेत, नाहीतर शाई पाण्यात विरघळते. स्क्रीन प्रिंटला त्याची गरज नसते.

फ्रेम अशी धरा की चालू पाइप आडवा राहील. उभ्या पाइपवर पाणी खाली उतरतं आणि डेकल त्याच्यासोबत घसरतं. डिस्टिल्ड पाणी कोमट, २५ ते ३० अंशांचं. डेकल तोंड वर करून बुडवा, कागद आधी गुंडाळी होतो आणि मग सरळ होतो. २० ते ४० सेकंदांनी बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच पडदा सुटून तरंगू देऊ नका, त्याच्या पाठीचा डिंक वाहून जातो आणि मग कडा धरत नाहीत. अंगठ्याने हलकेच ढकलून बघा. पडदा कागदावर केसभर सरकला की तयार.

पाइपवर पाण्याचा थर द्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. कागदासकट डेकल जागेवर न्या, एक टोक बोटाने धरा आणि खालून कागद ओढून घ्या. पडदा उचलून चिकटवायला जाऊ नका, तो लांबतो आणि अक्षरं तिरकी होतात. आता टेपला समांतर करा. पाणी आहे तोवर तो मोकळा सरकतो, साधारण एक-दोन मिनिटं. जागेवर आला की ओल्या मऊ स्पंजने मधून बाहेर, मधून बाहेर असं पाणी काढा. कोरडं फडकं लावलं तर सोनेरी शाई ओढली जाते. बुडबुडा राहिला तर बारीक सुईने कडेला टोचा आणि त्याच दिशेने दाबा, मधोमध टोचू नका.

स्केल मॉडेलवाले वापरतात ती मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डेकल बसवायची द्रावणं इथेही कामाला येतात. सेट डेकलच्या खाली लावायचं. सोल वरून, डेकल जागेवर बसल्यावर. सोल लागल्यावर पडदा घाबरवून सोडेल इतका सुरकुततो आणि मग आपोआप सपाट बसतो. त्या अर्ध्या तासात त्याला हात लावायचा नाही. सेटऐवजी पांढरं व्हिनेगर एकास तीन पाण्यात चालतं. लगवर किंवा वेल्डिंगच्या खाचेवर चढणाऱ्या डेकलला सोल लागतंच. तुमच्या पहिल्या संचातलं एखादं डेकल वरून लॅकर न लागता पांढरट राहिलं असेल, तर सुईने चार-पाच भोकं पाडून सोल सोडा, बऱ्याचदा सुधारतं. लॅकर वर बसलं असेल तर उपाय नाही, काढून टाका.

मग २४ तास थांबा, पावसाळ्यात ४८. नंतर ओल्या फडक्याने कडेचा उरलेला डिंक पुसून घ्या. हा डिंक दिसत नाही, पण क्लिअरखाली पिवळट डाग होऊन वर येतो.

वरच्या थराला माझ्या मते टू-के क्लिअरच घ्यावं. एन.सी. लॅकर पेट्रोल-थिनरपुढे टिकत नाही आणि उन्हात पिवळं होतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, दोनास एक किंवा चारास एक, अंदाजाने नाही. फ्रेम आणि चिमट्याला तीन हातांसाठी २५० ते ३०० मिली तयार मिश्रण पुरतं. डेकलच्या आजूबाजूचं क्लिअर (डेकल थेट लावलं असेल तर कोटिंग) १५०० च्या ओल्या पेपरने घासून त्याची चमक हलकी मारून घ्या, डेकलला पेपर लागू देऊ नका. त्यानंतरचे पहिले दोन हात धुक्यासारखे: स्प्रे गन २० ते २५ सेंटिमीटरवर, पृष्ठभाग ओला दिसता कामा नये, दव पडल्यासारखा दिसला की थांबा. मध्ये १० ते १५ मिनिटं. या दोन हातांची पातळ साल झाल्यावरच मध्यम हात, आणि मग ओला. सुरकुती टाळायचं सगळं गणित या पहिल्या दोन हातांत आहे.

डेकलची कड बोटाला लागायला नको असेल तर ते क्लिअर नीट कडक होऊ द्या. मग १५०० ने पाण्यात कड उतरवून आणखी दोन हात द्या. पाइपचा फुगवटा आणि लगची धार या दोन जागी पेपर क्लिअरमधून सहज आरपार जातो. तिथे बोटाने नाही, रबरच्या तुकड्याने पेपर धरा.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला काहीच करत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा, हातमोजे, आणि मोकळी जागा हवी. ते जमणार नसेल तर डेकल तुम्ही लावा आणि क्लिअर गॅरेजमधल्या बूथवाल्याकडून मारून घ्या, फक्त ‘पहिले दोन हात धुक्यासारखे’ हे त्याला दोनदा सांगा.

हवामानाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४० च्या वर, सावलीतली फ्रेमसुद्धा हाताला गरम लागते. डेकलखालचं पाणी अर्ध्या मिनिटात उडतं आणि डेकल वाकडंच चिकटून बसतं. क्लिअरचे थेंब हवेतच सुकून फ्रेमवर खरखरीत भुकटीसारखे बसतात. करायचंच असेल तर पहाटे, आणि मंद वाळणारा थिनर घेऊन. पावसाळ्यात उलटं: हवेतला ओलावा ओल्या लॅकरवर बसून दुधाळ होतो. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम, फक्त थंडीत सकाळी दहाच्या आत डेकलला हात लावू नका, गारठ्यात पडदा कडक होऊन मोडतो. जमीन शिंपडून घेतली की धूळ बसते, पण चिखल नको.

दुसऱ्या प्रकारच्या डेकलबद्दल थोडं. ब्रिटनहून जुन्या सायकलींसाठी मागवलेले काही ट्रान्स्फर पाण्याचे नसून व्हार्निशचे असतात. त्यात चित्राच्या बाजूला, फक्त चित्रापुरतं, बारीक ब्रशने व्हार्निश लावायचं, बोटाला चिकचिकीत लागेपर्यंत थांबायचं, फ्रेमवर दाबायचं, आणि मग पाठचा कागद पाण्याने भिजवून काढायचा. व्हार्निश ओलं असताना लावलं तर चित्र वाहतं, पार सुकल्यावर लावलं तर धरतच नाही. व्हिनाइल स्टिकर सोपा, पण जाड. त्याची कड क्लिअरखाली गाडायला पाच-सहा हात लागतात, आणि रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलीवर तो आकसून कडेला धूळ धरतो. घरात राहणाऱ्या सायकलीला चालेल, शेतावर जाणाऱ्या सायकलीला नाही.

नवा संच कधी छापायचा झाला तर फोटोवरून नाही, मापावरून छापा. गोल पाइपचा फोटो अक्षरांची उंची कमी दाखवतो. जुनं नाव थोडंही शिल्लक असेल तर त्यावर बटर पेपर गुंडाळून पेन्सिलने उतरवा आणि लगच्या काठापासूनची अंतरं लिहून ठेवा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! सोनेरी आणि पांढरा रंग घरच्या प्रिंटरवर निघत नाही. पण लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो, त्याला वॉटरस्लाइड (पाण्याच्या डेकलचा) कागद आणून दिला की सोनेरी छान निघतं. त्या सोनेरीत पितळेची भुकटी असते, उघडी राहिली तर हवेने काळपट-हिरवी पडते. क्लिअर हवं ते यासाठीही.

नावाचं मात्र खरं ते लावा. आसनसोलच्या सेन-रॅलेच्या फ्रेमवर नॉटिंगहॅमचं (इंग्लंडमधल्या मूळ रॅलेचं) ट्रान्स्फर, किंवा मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने बनवलेल्या हर्क्युलिसवर ‘मेड इन इंग्लंड’, असे प्रकार बाजारात सर्रास दिसतात. जाणकार फ्रेमचे लग आणि क्रमांक बघतो, आणि मग बाकीच्या चांगल्या कामावरही त्याचा विश्वास बसत नाही. आणि कुणाच्या फ्रेमवर मूळ नाव निम्म्याहून जास्त वाचता येत असेल, तर त्यांनी कोटिंगच्या भानगडीत पडू नये.

क्लिअर झाल्यावर किमान सात दिवस काहीही आवळू नका. डायनॅमोचा क्लॅम्प, कुलपाची पट्टी, केबलच्या क्लिपा आणि चेनकव्हरच्या पट्ट्या यांच्या जागा डेकल लावण्याआधीच खडूने आखून ठेवा. नाहीतर सीट पाइपवरच्या चिन्हाच्या बरोबर मधोमध क्लॅम्प येतो. प्रत्येक क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी द्या. हेडची धातूची पाटी सगळ्यात शेवटी, जुन्याच भोकांत. आणि घरात कुणाला डिझेलच्या फडक्याने सायकल पुसायची सवय असेल, तर तो फडका आधी लपवून ठेवा. क्लिअरखालचं डेकल त्याला दाद देत नाही, पण डिझेल लगच्या खाचेत आणि क्लॅम्पखाली मुरतं, आणि क्लिअरची कड नेमकी तिथेच असते.